सेंटरिंगशिवायचा घुमट आणि ४६३ पायऱ्या

इटलीत फ्लॉरेन्सला जाणार असाल आणि तिथल्या मोठ्या कॅथेड्रलच्या घुमटावर चढायचं मनात असेल तर आधी तिकीट काढा, हॉटेल नंतर बघा. कॅथेड्रलच्या आत जायला पैसे पडत नाहीत, पण वर चढायला ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं, ती वेळ हुकली की पैसे गेले, आणि सीझनला सगळे स्लॉट आधीच भरलेले असतात. आम्हाला सकाळचा हवा होता, मिळाला भर दुपारचा. नवरा म्हणाला जाऊ दे ना, घुमट खालूनच छान दिसतो, फोटो सगळे खालूनच काढलेले असतात. मी म्हटलं तू खाली जेलाटो खात बस, मी जाणार. ह्या ट्रिपला मी हो म्हटलं तेच मुळी ह्या घुमटासाठी, व्हेनिस-पिसा सगळं त्याच्या हौसेचं होतं.

आता एवढं काय त्या घुमटाचं, तर मी पुण्यात बिल्डिंगच्या साइटवर काम करते. आमच्या धंद्यात निम्मं टेन्शन सेंटरिंगचं असतं. स्लॅब टाकायचा म्हणजे आधी खालून प्रॉप (टेकू), त्यावर प्लेटा, मग सळई, मग काँक्रीट, आणि ते स्वतःचं वजन स्वतः पेलेपर्यंत खालून धरून ठेवायचं, कोणी घाई करून प्रॉप काढले तर काय होतं ते पेपरात येतंच. कमानीचंही तेच, लाकडी साचा करा, त्यावर दगड नाहीतर वीट रचा, वरचा शेवटचा दगड बसला की साचा काढा. आणि ह्या ब्रुनेलेस्कीने १४२० साली जमिनीपासून साधारण ५५ मीटर उंचीवर असलेलं, जवळपास ४५ मीटर रुंदीचं अष्टकोनी भोक विटांनी झाकायला घेतलं आणि खाली साचा नाही, टेकू नाही, काही नाही. कॉलेजमध्ये आम्हाला हे एका ओळीत शिकवून पुढे गेले होते, 'सेंटरिंग न वापरता बांधला', बास. कसा ते कोणी सांगितलं नाही आणि परीक्षेत येणार नसल्यामुळे आम्हीही विचारलं नाही.

वर चढायची रांग कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या दाराशी असते, पोर्ता देल्ला मांदोर्ला नाव त्याचं. मोठी बॅग चालत नाही, आधी जमा करून या. नवरा शेवटी आलाच बरोबर (तिकीट फुकट जाईल म्हणून), आणि रांगेत उभं राहून कंटाळला तशी मी त्याला गोष्ट सांगायला लागले. ह्या चर्चचं काम सुरू झालं १२९६ ला, आर्नोल्फो दी कांबिओच्या हाताखाली. मग मध्ये प्लेग आला, लढाया आल्या, पैशांची तंगी आली, पण काम चालू राहिलं आणि चर्च मोठंच होत गेलं. १३६७ मध्ये नेरी दी फिओरावांती नावाच्या मिस्त्रीचं मॉडेल पास झालं, त्यात एवढा प्रचंड घुमट, आणि बाहेरून आधाराला ते तिरके दगडी टेकू देतात ना गॉथिक चर्चना, ते नाहीत, कारण ते फ्लॉरेन्सवाल्यांना आवडायचे नाहीत. त्याचं विटांचं मोठं मॉडेल चर्चमध्येच उभं होतं आणि कारभारी मंडळी दरवर्षी शपथ घ्यायची की आम्ही हे असंच बांधणार. कसं बांधणार ते एकालाही माहीत नव्हतं! नवरा म्हणाला, म्हणजे ड्रॉइंग पास करून घेतलं आणि एक्झिक्युशन पुढच्या पिढीवर ढकललं. अगदी तेच. पन्नास वर्षं तसंच चाललं.

मग १९ ऑगस्ट १४१८ ला स्पर्धा जाहीर झाली, बक्षीस २०० सोन्याचे फ्लोरिन. एवढ्या रुंदीचा साचा करायचा तर त्याला लाकूड किती लागेल ह्यातच सगळे अडकले होते. एकाने म्हणे सुचवलं की आख्खं चर्च मातीने भरा, त्यात नाणी मिसळा, घुमट झाला की गावातली पोरं नाण्यांसाठी माती फुकटात उपसून नेतील. ही गोष्ट वासारीने, म्हणजे कलाकारांची चरित्रं लिहिणाऱ्या एका चित्रकाराने, लिहिलीय आणि वासारी मीठमसाला घालण्यात पटाईत होता, त्यामुळे किती खरी देव जाणे. ब्रुनेलेस्की मूळचा सोनार, बांधकामातला नव्हेच. तो म्हणाला साचाच नको. ऐकणाऱ्यांनी वेड्यात काढला. पण दुसऱ्या कोणाकडे काही उपाय नसल्यामुळे शेवटी काम त्याच्याकडेच आलं, फक्त एकट्याला दिलं नाही, बरोबर शिल्पकार गिबर्ती पण बसवला, ज्याच्याशी त्याचं जुनं वैर. ७ ऑगस्ट १४२० ला सुरुवात झाली.

आता चढायचं. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि एकदा आत शिरलात की मध्येच कंटाळा आला म्हणून उलटं फिरता येत नाही कारण मागे माणसं असतात. सुरुवातीचा भाग म्हणजे दगडी गोल जिना, अरुंद, पायऱ्या मध्ये झिजलेल्या. इथे बघण्यासारखं काही नाही, पुढच्याच्या बुटांकडे बघत चढायचं. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी नीट विचार करा. मध्ये एके ठिकाणी थोडी मोकळी जागा येते, तिथे सगळे भिंतीला टेकून दम खात असल्याचं लपवत फोटो काढतात.

मग एकदम तुम्ही घुमटाच्या आतल्या सज्जावर बाहेर पडता आणि डोक्यावर ते भलंमोठं भित्तिचित्र, कयामतीच्या दिवसाचं, १५७२ ला वासारीने सुरू केलं, तो दोन वर्षांत गेला, पुढे झुक्कारी नावाच्या चित्रकाराने १५७९ पर्यंत पूर्ण केलं. नरकातले राक्षस अगदी हातभर अंतरावर दिसतात, नवरा खूष. मला मात्र खरं सांगायचं तर रागच आला, कारण ह्या सगळ्या रंगाने आतलं बांधकाम झाकून टाकलंय, एक वीट दिसत नाही. सज्जावरून खाली बघितलं तेव्हा मात्र पोटात गोळा आला. खाली माणसं ठिपक्यांएवढी, आणि गवंडी काम करत होते ते ह्याच्याही वर, भिंतीतून बाहेर काढलेल्या परांचीवर, आतल्या बाजूला वाकून. त्यांना खाली बघून चक्कर येऊ नये म्हणून आतल्या अंगाला आडोसा करून दिला होता आणि प्यायला वाईन मिळायची ती पाणी घातलेली. सेफ्टी ऑफिसर नसतानाचा सेफ्टी प्लॅन!

सज्जाच्या पुढचं दार मात्र माझ्यासाठी होतं. घुमट एक नाही, दोन आहेत. आत एक जाड घुमट, बाहेर एक पातळ, आणि मध्ये सव्वा मीटरच्या आसपास पोकळी. वर जायची वाट त्या पोकळीतूनच जाते. आतला घुमट तळाशी सव्वादोन मीटर जाड, वर जाता जाता दीडेक मीटर होतो. बाहेरचा तळाशी पाऊण मीटर आणि वर आणखी कमी. बाहेरचा पाऊसपाणी अंगावर घेतो आणि गावाला भव्य दिसतो, आतला खरा भार पेलतो. आणि इथे गिलावा नाही, रंग नाही, नुसती वीट. मी हात फिरवत फिरवत चालले होते, मागची बाई वैतागली असणार.

बघायची ती विटांची रचना. नेहमीसारखे आडवे थर आहेत, पण थोड्या थोड्या अंतरावर एक वीट उभी घातलेली. पुढच्या थरात ती उभी वीट जराशी सरकून बसते, त्याच्या पुढच्यात आणखी सरकते, असं करत करत उभ्या विटांची एक तिरकी रेघ वर चढत जाते. हल्ली पेव्हर ब्लॉकला आपण हेरिंगबोन म्हणतो तीच चाल, इटालियनमध्ये माशाच्या काट्यावरून नाव आहे. दिसायला डिझाइन, पण काम काय करते बघा. घुमट जसा वर जातो तसे थर आत कलत जातात, वरच्या भागात तर इतके कलतात की विटांमधला चुन्याचा माल ओला असताना वीट सरळ घसरून खाली जायला हवी. पण दोन उभ्या विटांच्या मध्ये चारपाच आडव्याच विटा असतात, त्या दोन बाजूंनी आवळल्या जातात, आणि उभी वीट खालच्या पक्क्या झालेल्या थरात अर्धी रुतलेली असते म्हणून ती जागची हलत नाही. म्हणजे एका वेळी घसरू शकतील अशा विटा चारपाचच, आणि त्यांनाही पकडून ठेवलंय. आठही बाजूंनी एकदम काम चालायचं, एक आख्खा थर गोल पूर्ण झाला की तो स्वतःच्याच जोरावर आवळून बसतो आणि वरच्या थराचं सेंटरिंग खालचा थरच होतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या आणि इटलीतल्या बेर्गामोच्या इंजिनिअर मंडळींनी ह्याचं कॉम्प्युटरवर अॅनालिसिस केलं आणि दाखवलं की ह्या आवळून धरणाऱ्या तिरक्या रेघांमुळे बांधतानाच तोल राहतो. सहाशे वर्षांनी डिझाइन पास!

इथे नवऱ्याने विचारलेला प्रश्न बरोबर होता. तो म्हणाला अगं पण हे गोलाला ठीक आहे, हा तर अष्टकोनी आहे, कोपऱ्यात आवळणार कसं? बँकेत असून त्याला हे सुचलं ह्याचं मला कौतुक वाटलं (त्याला सांगितलं नाही). खरी गोम तीच आहे. गोल रिंग स्वतःला धरते, पण आठ सपाट बाजूंची रिंग असेल तर बाजूच्या मध्यावर ती आत ढासळायला बघते. ह्यावर तोडगा जाडीत आहे. आतली भिंत एवढी जाड आहे की त्या अष्टकोनाच्या जाडीत एक पूर्ण वर्तुळ मावतं, कुठेही न तुटता. मी पायरीवर थांबून मोबाइलवर हिशोब केला. मध्यापासून बाजू २२ मीटर धरली तर कोपरा येतो साधारण २३.८ वर, म्हणजे वर्तुळ मावायला कमीत कमी १.८ मीटर जाडी पाहिजे, आणि आहे सव्वादोन. बसलं की नाही! बाहेरचा घुमट पातळ, त्यात वर्तुळ मावत नाही, म्हणून त्याच्या आतल्या अंगाला कोपऱ्यापासून मधल्या फासळीपर्यंत (फासळी म्हणजे तळापासून टोकाकडे जाणारी उभी जाड पट्टी) आडव्या छोट्या कमानी घातल्यात, जिथे वर्तुळ भिंतीच्या बाहेर पडतं तिथे तेवढाच तुकडा जोडून दिलाय. त्या कमानी जाताना दिसतात, लोक डोकं वाकवून पुढे जातात, वर बघत नाहीत. एकूण फासळ्या २४, आठ कोपऱ्यांच्या आणि प्रत्येक बाजूला मधल्या दोन.

आणखी एक बघा, विटांचे थर लाइनदोरी ओढून सरळ घातलेले नाहीत, प्रत्येक बाजूला मध्ये झोल आहे आणि कोपऱ्याकडे वर चढतात. आमच्या साइटवर असा थर कोणी घातला तर मी तोडायला लावीन. इथे तो मुद्दाम आहे, कारण थर मुळात गोल घुमटाच्या हिशोबाने आत कललेले आहेत, आणि सपाट बाजूवर ते असे झोल पडल्यासारखे दिसतात, आणि कोपऱ्यात दोन बाजूंचे थर सांधा न पडता एकमेकांत वळतात. कोपऱ्यात सांधा नाही म्हणजे तिथून फाटायची भीती कमी.

घुमट वरून कितीही चांगला आवळला तरी खाली तो बाहेर पसरायला बघतोच. त्याला आम्ही हूप टेन्शन म्हणतो आणि सरळ आरसीसीचा रिंग बीम (सळई घातलेल्या काँक्रीटचा गोल पट्टा) टाकून मोकळे होतो. तेव्हा काँक्रीट नाही, सळई नाही. म्हणून ब्रुनेलेस्कीने वालुकाश्माच्या लांब तुळयांची कडी करून, लोखंडी आकड्यांनी एकमेकांत अडकवून घुमटाच्या पोटात घातली, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात त्या हिशोबाने. दगडी साखळ्या भिंतीत गाडलेल्या आहेत, पण एक साखळी लाकडाची आहे, चेस्टनटच्या तुळया, ओकच्या फळ्या आणि लोखंडी बोल्टांनी जोडलेल्या, ती जाताना डोळ्यासमोर येते. ह्या लाकडी साखळीवरूनच गिबर्तीची गोष्ट सांगतात. ब्रुनेलेस्की दुखणं आल्याचं सोंग करून घरी झोपला, गवंडी विचारायला लागले आता पुढे काय, गिबर्ती म्हणे मी त्याच्याशिवाय काही करणार नाही, हा म्हणे मी तुझ्याशिवाय केलं असतं. आमच्याकडेही असे कन्सल्टंट असतात ज्यांची सही लागते आणि साइटवर ते कधी दिसत नाहीत, पण ते राहू दे.

वाटेत भेगाही दिसतात. हो, घुमटाला भेगा आहेत, त्या सतराव्या शतकापासून नोंदवल्या गेल्यात, आणि त्यांच्यावर मोजायची यंत्रं लावलेली आहेत. १९५५ पासून नियमित मापं घेतात आणि १९८० च्या दशकापासून ऑटोमॅटिक सिस्टिम आहे. ऋतूप्रमाणे त्या थोड्या उघडतात, मिटतात. नवरा ते बघून जरा गप्प झाला. मी म्हटलं अरे भेग आहे म्हणजे पडणार असं नसतं, जिच्यावर कोणाचं लक्ष नसतं त्या भेगेला घाबरायचं.

शेवटचा जिना आतल्या घुमटाच्या पाठीवरूनच सरळ वर जातो, खूप चढा, शिडीच म्हणा. इथे वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांची वाट बघतात, प्रत्येक भाषेत सॉरी ऐकू येतं. आणि मग वर लँटर्नच्या पायाशी बाहेर येता. लँटर्न म्हणजे टोकावरचा तो पांढरा संगमरवरी मंडप. खालून शोभेचा वाटतो, पण त्याचं वजन कामाचं आहे. घुमट टोकदार आहे, अर्धगोल नाही, म्हणून तळाशी बाहेर ढकलणं कमी पण वरचं तोंड उघडायला बघतं, ते वरून वजन ठेवून दाबून बसवलंय. घुमट वरच्या रिंगपर्यंत १४३६ ला पूर्ण झाला. लँटर्नचं डिझाइनही ब्रुनेलेस्कीचंच, पण १४४६ मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो गेला. १४६१ ला लँटर्न झाला, १४७१ ला शिल्पकार वेरोक्कियोने वर तांब्याचा सोनेरी गोळा बसवला. १६०१ मध्ये वीज पडून तो गोळा खाली गडगडला, नंतर आणखी मोठा बसवला. जिथे पडला तिथे चौकात फरशीत एक पांढरी गोल तबकडी आहे, मागच्या बाजूला, खाली उतरल्यावर शोधा.

वरून गाव दिसतं, लाल कौलं दिसतात, डोंगर दिसतात, सगळे सेल्फी काढतात. मी दहा मिनिटं वीटच बघत होते असं नवरा सगळ्यांना सांगतो, ते साफ खोटं आहे, मी कौलंही बघितली. घुमटाच्या तळाशी एका बाजूला संगमरवरी सज्जा केलेला आहे, फक्त एकाच बाजूला, बाकीच्या उघड्या खरबरीत. मायकेलअँजेलो त्याला रातकिड्यांचा पिंजरा म्हणाला आणि काम तिथेच थांबलं अशी गोष्ट आहे. पाचशे वर्षं झाली, स्नॅग लिस्टमध्ये (राहिलेल्या कामांच्या यादीत) ते आयटम अजून पेंडिंग.

उतरल्यावर गुडघे थरथरत होते, त्या दिवशी आणखी काही बघणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी कॅथेड्रलच्या मागचं म्युझियम बघितलं आणि माझं मत विचाराल तर आधी म्युझियम, मग घुमट असा क्रम ठेवा, म्हणजे वर काय बघायचं ते कळतं. तिथे त्या काळच्या कप्प्या, आकडे, दगड उचलायची अवजारं ठेवलीत. माल वर न्यायला ब्रुनेलेस्कीने बैलांवर चालणारं यंत्र बनवलं होतं. बैल गोल फिरायचे आणि ओझं वर जायचं, हे जुनंच, पण त्याच्या यंत्रात ओझं खाली आणायचं असेल तर बैल सोडून उलटे जुंपावे लागत नव्हते. मधला उभा दांडा स्क्रूने वर-खाली केला की वरचं चाक सुटून खालचं दातात बसायचं, बैल त्याच दिशेने चालत राहायचे आणि दोर उलटा फिरायचा. रिव्हर्स गिअर! शिवाय ओझ्याप्रमाणे तीन वेगळे वेग. चाळीस लाखांच्या वर विटा लागल्या असं सांगतात, प्रत्येक खेपेला बैल सोडत बसले असते तर अजून काम चालू असतं. तरुण लिओनार्दो वेरोक्कियोकडे शिकत होता, त्यानेही ही यंत्रं कागदावर उतरवून ठेवली, अशा चित्रांमुळे ती आपल्याला कळतात.

म्युझियमच्या वाढीव बांधकामासाठी २०१२ मध्ये खोदताना जमिनीत तीनेक मीटरचा एक छोटा घुमट सापडला, तोच उभ्या-आडव्या विटांचा. हा चाचणीसाठी नाहीतर गवंड्यांना शिकवायला केला असावा असं अभ्यासक म्हणतात. मला तर शंका नाही. कारण १४२० मध्ये जे स्पेसिफिकेशन लिहून दिलं त्यात जाड्या, फासळ्या, साखळ्या सगळं आहे, पण ३० ब्राच्चा, म्हणजे साडेसतरा मीटरच्या वर कसं बांधायचं ते लिहिलंच नाही, तिथे म्हटलंय की पुढचं तेव्हा योग्य वाटेल तसं करू, कारण बांधकामात पुढे काय करायचं ते अनुभवच शिकवतो. एवढ्या मोठ्या टेंडरमध्ये हे वाक्य! सगळे ब्रुनेलेस्कीची बुद्धी बुद्धी करतात, ती होतीच, पण मला ह्या वाक्यात साइटवरचा माणूस दिसला. आधी सगळं कागदावर सोडवून मग वर चढला असं नाहीये, थर चढत गेले तसं सोडवत गेला, सोळा वर्षं.

त्या हेरिंगबोनचा फोटो मी वरूनच आमच्या मिस्त्रींना पाठवला होता. सेंटरिंग न लावता केलंय असं लिहिलं. संध्याकाळी त्यांचा फोन. म्हणाले मॅडम, रेट काय दिला असेल हो ह्याला? मी म्हटलं रोजंदारी होती, आणि पाऊस पडला की खाडा. ते म्हणाले मग आपल्यासारखंच की, आणि पुढे लगेच, चौथ्या स्लॅबचं बिल कधी पास होतंय?